माझे ब्रेक लागले होते

रविवार, सकाळचे नऊ वाजून बावीस मिनिटं. शीळफाटा, कल्याणकडे जाणारी बाजू. ऊन स्वच्छ, रस्ता कोरडा, वाहतूक संथ. पुढे काळी गाडी, मागे पांढरी. पांढरीचं तोंड काळीच्या पाठीत शिरलं. माणसं सगळी सुखरूप.

ती पांढरी म्हणजे मी. मी बोलतेय, कारण त्या दिवसापासून माझ्याबद्दल सगळे बोललेत आणि मला मात्र कुणी काही विचारलेलं नाही.

मी सात माणसांची, डिझेलवर चालणारी, नऊ वर्षांची गाडी. कारखान्यातलं फारसं आठवत नाही. ठिणग्या, रंगाचा वास आणि माझ्यासारख्याच शंभर जणींची रांग, एवढंच. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते सुदेश घागांनी मला वर्तकनगरात आणलं त्या दिवशी. त्यांच्या आईने, गोदूबाईंनी, माझ्या चाकावर पाणी घातलं, ओवाळलं आणि पायरीवर पाय ठेवून वर चढताना म्हणाल्या, "अगोबाई, ही तर एसटीएवढी उंच आहे रे!" त्या काळात ती स्तुती होती.

सुदेशनी मला जपलं, हे नाकारणार नाही. दर रविवारी बादली आणि फडकं घेऊन स्वतः पुसायचे. बायको, रसिका, गॅलरीतून ओरडायची, "अहो, एवढा वेळ कधी माझ्याकडे बघितलंत का?" आणि ते खालूनच हसायचे. घागांच्या घरातल्या आणि सुदेशच्या सासरच्या मिळून चार नवऱ्या मी हॉलपर्यंत नेल्या. लग्न ठरलं की नवरीची गाडी कोणती, हे कुणाला विचारावं लागत नसे.

मग ती काळी आली.

रसिकाची धाकटी बहीण सोनल आणि तिचा नवरा स्वानंद घोडबंदर रोडला एकतिसाव्या मजल्यावर राहतात. स्वानंद म्हणजे सुदेशचे साडू. दोघांचं तोंडावर गोड, पण एकाने नवीन टीव्ही घेतला की दुसऱ्याच्या घरी महिन्याभरात त्याहून मोठा येणार. काळी गाडीसुद्धा सात माणसांचीच. पण छप्पर उघडणारं, दिवे डोळे बारीक करून बघितल्यासारखे आणि चावी खिशातच ठेवून दार उघडायचं. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. हा मत्सर होता. त्याला दुसरं गोंडस नाव मी देणार नाही.

एका रविवारी स्वानंदनी चावी पुढे केली. "चालवून तर बघा, सुदेशराव. मी तुमची घेतो."

सुदेश काळीत बसले आणि स्वानंद माझ्यात. घोडबंदर रोडवरून गायमुखच्या चढापर्यंत आणि परत. मी तिच्या मागून गेले आणि तिची चाल नीट पाहिली. जे पाहिलं ते सांगते. गतिरोधकावरून ती अशी गेली, जणू तिथे गतिरोधक नव्हताच. मी गेले तेव्हा माझ्या पोटातला पान्यांचा डबा वाजला. कोंडीत ती स्वतःच थांबत होती आणि स्वतःच निघत होती. माझा क्लच दाबून दाबून स्वानंदची पोटरी भरली. "साडूभाऊंनी ट्रक पाळलाय," असं ते सोनलला फोनवर म्हणाले. चढावर तिने माझ्याआधी वेग घेतला, आवाजही न करता.

माझ्या बाजूने दोनच गोष्टी होत्या. माझ्या मागच्या सीटवर मोठा माणूस गुडघे हनुवटीला न टेकवता बसू शकतो. आणि सर्व्हिस रोडवरच्या खड्ड्यात तिने अंग चोरलं, मी सरळ गेले. बाकी सगळ्यात ती सरस होती. हे कबूल करताना माझं इंजिन आजही गरम होतं.

परत आल्यावर स्वानंदनी विचारलं, "कशी वाटली?"

"ठीक आहे. एवढं काही नाही," सुदेश म्हणाले. माझ्यात येऊन बसले आणि दार असं आपटलं, की काच थरथरली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. त्या क्षणी मला कळलं, की आम्ही दोघंही एकाच दुखण्याने आजारी आहोत.

यंदा रसिका आणि सोनलच्या सगळ्यात धाकट्या बहिणीचं, कादंबरीचं, लग्न ठरलं. हॉल कल्याणला, मुहूर्त अकरा वाजून सात मिनिटांचा. नवरीची गाडी म्हणून माझं नाव कुणी काढलंच नाही. सोनल म्हणाली, "आमच्या गाडीतून जाऊ दे ना, ताई. फोटो छान येतील." रसिकाने सुदेशकडे पाहिलं. सुदेशनी मोबाइलमध्ये. झालं. नवरी काळीत आणि माझ्या वाट्याला रुखवत. मागच्या सीट पाडून त्यांच्यावर लोकरीचे ससे, साखरेचं तुळशीवृंदावन आणि काचेच्या पेटीतला जहाजाचा देखावा.

सकाळी सात वाजता पंढरी फुलवाला आला. त्याने काळीच्या तोंडावर झेंडू आणि निशिगंधाच्या माळा बांधायला घेतल्या. सोनलने तिच्या नाकावर, जाळीच्या मधोमध, हळदीकुंकवाचं मोठं स्वस्तिक काढलं आणि वर तांदूळ चिकटवले.

पंढरी थबकला. "साहेब, इथे गुळगुळीत चकती आहे. आणि वर काचेमागे कॅमेरा दिसतोय. त्यावरनं माळ घेऊ का?"

"घे रे, बिनधास्त घे. लग्नाची गाडी आहे," स्वानंद म्हणाले.

त्यांनी गाडी सुरू केली तेव्हा आतून टिंग टिंग आवाज आला आणि पडद्यावर पिवळी अक्षरं उमटली. मी शेजारीच उभी होते. स्वानंदनी ती वाचली नाहीत. बोट लावून घालवली. ज्या चकतीने आणि कॅमेऱ्याने ती गाडी पुढचा रस्ता बघते आणि काही आडवं आलं की आपणहून ब्रेक मारते, त्यांच्यावर कुंकू आणि झेंडू थापून आपण तिला मंगल केलं, असंच सगळ्यांना वाटलं. मलाही थोडं बरं वाटलं, हे लपवत नाही. एवढी नटवी, आणि कुंकवाने डोळे बंद!

मुंब्रा बायपासला सुदेश तिच्या मागे लागले. मागे राहणं त्यांना जमेना. शेजारी रसिका आणि मधल्या सीटवर गोदूबाई.

"अहो, जरा अंतर ठेवा ना."

"मध्ये दुसरा कुणी घुसेल. नवरीच्या मागे आपणच असायला हवं."

गोदूबाई मागून म्हणाल्या, "अरे, चिकटून कशाला चाललायस? तिच्या पाठीवर काय लिहिलंय का?"

शीळफाट्याजवळ वाहतूक हळू झाली होती. वाऱ्याने काळीच्या तोंडावरची एक माळ सुटली आणि समोर झुलायला लागली. काळीपुढे रस्ता मोकळा होता. माणूस नाही, जनावर नाही, खड्डाही नाही. तरी ती जागच्या जागी थांबली, कुणीतरी मागून मानगूट धरावं तशी. तिच्या कुंकवाने भरल्या डोळ्यांना काय दिसलं ते तिलाच ठाऊक.

सुदेशनी ब्रेक दाबला. मी चारही चाकं आवळली. रस्त्यावर माझ्या टायरच्या दोन काळ्या रेघा उमटल्या. गोदूबाईंचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. मागे जहाजाची काच फुटली. पण मधलं अंतर होतंच किती? एका रिक्षाचंही नाही. मी तिला लागले.

दोघे साडू खाली उतरले. माझा एक दिवा फुटला होता, बॉनेट वाकलं होतं. काळीचं मागचं दार आत गेलं होतं आणि तिच्या पडद्यावर इतके दिवे लागले होते, की ती जागची हलायलाच तयार नव्हती.

"साडेनऊ वाजत आले!" सोनल रडकुंडीला आली. "अकरा सातचा मुहूर्त आहे, जिजू!"

सुदेशनी माझा स्टार्टर मारला. मी एका फटक्यात सुरू झाले. कादंबरीला उतरवून माझ्यात बसवलं, गोदूबाईंच्या शेजारी. मांडीवर मुंडावळ्या आणि पायाशी लोकरीचे ससे.

"आज्जी, कपाळाला लागलं का हो?" तिने विचारलं.

"टेंगूळ आलंय गं. तू नीट बस, शालू चुरगळेल."

कल्याण-शीळ रस्त्यावर सिग्नल होते, मध्येच आडवे येणारे टँकर होते, एक बैलही होता. प्रत्येक ठिकाणी मी थांबले. हॉलच्या दारात थांबले तेव्हा दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. चार नवऱ्या नेल्या होत्या, ही पाचवी. माझा फुटका दिवा मी त्या वेळी विसरले होते.

पण माझा आनंद अर्धा तासच टिकला. काळी आली. स्वानंदनी माळा उपटून, नाक पुसून तिला पुन्हा सुरू केली होती. फोटोवाल्याने माझ्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "मॅडम, ही फुटलेली आहे. नवरीची एंट्री त्या गाडीतून घेऊ परत." कादंबरीला काळीत बसवलं, दार उघडलं, ती हसत उतरली. दोन वेळा. अल्बममध्ये तीच नवरीची गाडी आहे. तिचं चेपलेलं मागचं दार कुठल्याही फोटोत नाही.

जेवणं आटोपल्यावर सासरे, बाळराव, वाहनतळावर आले. "सुदेशराव, नेमकं झालं काय?"

सुदेश माझ्याकडे बघत नव्हते. मी वाट पाहत होते. 'मी फार जवळ होतो,' एवढे तीन-चार शब्द होते.

"ब्रेकच लागला नाही हो," ते म्हणाले. "जुनी झालीय."

स्वानंदनी मान हलवली. "हां, नऊ वर्षं म्हणजे झालंच." त्यांनाही ते बरं पडलं. आता त्यांना कुणी विचारणार नव्हतं, की रिकाम्या रस्त्यावर तुमची गाडी थांबली कशी. साडू-साडूंचं असं एकमत मी प्रथमच पाहिलं.

गोदूबाई टेंगूळ चोळत म्हणाल्या, "लागला की रे ब्रेक. उगाच आपटलं का माझं कपाळ?"

"आई, गाडीतलं तुला काय कळतं!"

रसिकाने हात जोडले. "मला ही गाडी घरात नको. मुलं बसतात हिच्यात."

आता मी कल्याणला जुन्या गाड्यांच्या आवारात उभी आहे. माझ्या काचेवर कागद लावलाय. त्यावर लिहिलंय: ब्रेक निकामी. येणारं गिऱ्हाईक तेवढं वाचतं आणि पुढच्या गाडीकडे जातं. परवा आवारातला तानाजी मला एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात न्यायला आला. चालवली, थांबवली, पुन्हा चालवली, पुन्हा थांबवली. मग कागदाकडे बघून म्हणाला, "च्यायला, कोण म्हणतो?" आणि चहा प्यायला गेला.

काळी दुरुस्त होऊन पुन्हा घोडबंदर रोडवर फिरते. सुदेशनी तिच्यासारखीच एक घ्यायचं ठरवलंय, फक्त एक मॉडेल वरची. त्याबद्दल मला जे वाटतं ते मी सांगणार नाही, इथे पोरंबाळंही येतात.

मला फक्त एक नोंद करायची आहे. रविवारी साडेनऊ वाजता, शीळफाट्यावर, ज्या गाडीचा ब्रेक लागत नाही असं सुदेश घाग म्हणतात, त्या गाडीत त्यांनी आपली आई, बायको आणि शालू नेसलेली मेहुणी बसवली आणि स्वतः चालवत कल्याणपर्यंत नेली. का नेली, हे त्यांना अजून कुणी विचारलेलं नाही.