पापण्यांचं सुतक

माझ्या पापण्या काही एका रात्रीत खाली आल्या नाहीत. जुनं छप्पर बसत जावं तशा वर्षावर्षाला थोड्या थोड्या बसत गेल्या. मला त्यातून सगळं दिसायचं. दुधावरची साय कुणी खाल्ली हेसुद्धा दिसायचं. पण बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारी पेंगतीय. आणि पेंगणाऱ्या माणसाला घरात विचारतंय कोण?

थोरल्या नातीची सुपारी फोडायला पाहुणे आले, तेव्हा मी बाहेरच्या सोप्यात भिंतीला टेकून चांगली ताठ बसले होते. बोलायला तोंड उघडणार, तोच त्यांच्यातला एक शहाणा म्हणाला, "आजीबाईस्नी आत निजवा की. डोळं मिटाय लागलं त्यांचं." माझी चुलत जाऊ बायडाबाई टपलेलीच होती. ती पुढं सरकली आणि माझ्या घरातली सुपारी तिनं ठरवली. लग्न नवऱ्याच्या दारात, भर वैशाखात, दोन नद्या ओलांडून. पाहुणे म्हणतील त्याला हिची मान हललेलीच. माझे मालक जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा धनाजी पलटणीत, चीनच्या लढाईपासून वर बर्फातच. म्हणजे घरात शब्द टाकायचा मान माझा. तो माझ्याच दोन पापण्यांनी घालवला.

आता धाकट्या नातीला, बनाला, लोणंदचे पाहुणे येणार होते. या खेपेला मी कुणाला पुढं सरकू देणार नव्हते.

सांगलीत डोळ्यांचे एक डॉक्टर लोंबती कातडी कापून शिवून देतात, असं मी वडूजच्या बाजारात ऐकलं होतं. गावात सांगितलं, "कुंडलचा माझा भाऊ आजारी हाय, आण्णाला भेटून येते." आणि सून अंबूला बरोबर घेऊन थेट सांगली गाठली. खरं सांगायची सोय नव्हती. पांढऱ्या कपाळाच्या बाईनं रूपासाठी डोळे कापून घेतले म्हटल्यावर गावानं वर्षभर दुसरं कालवण केलं नसतं. माझ्यावरच भाकरी खाल्ली असती.

डॉक्टर पोरसवदा होता. पापणी चिमटीत धरून म्हणाला, "आजी, नजर चांगली आहे तुमची. हे काम हौसेचं आहे. नाही केलं तरी चालेल."

"हौसच हाय," मी म्हटलं. "तुमी कात्री घ्या."

सुई टोचली तेव्हा सगळे देव आठवले. पुढं दुखलं नाही, नुसती करकर ऐकू येत होती, शिंप्याच्या दुकानात दुसऱ्याच कुणाचं तरी कापड बेतावं तशी. दुखणं आलं ते मागाहून. पापण्या सुजून दोन वांगी झाली, रंगही वांग्याचाच. आतून ठसठस, वरून खाज, आणि खाजवायची चोरी. डॉक्टरनं नेम घालून दिला. गार पाण्याची घडी ठेवायची, उशाला उंच घेऊन निजायचं, खाली वाकायचं नाही, चुलीच्या धुरापाशी जायचं नाही.

"आणि रडायचं नाही, आजी. टाक्यांवर ताण येतो."

"मी रडत न्हाई. रडवते."

"मग जोरानं हसूही नका."

हे त्यानं बरं केलं नाही. बायडाच्या शेजारी राहणाऱ्या बाईनं हसायचं नाही म्हणजे काय?

पदर नाकापर्यंत ओढून यष्टीतून उतरले. घरापाशी येतो तो बायडा आमच्याच दारात उभी. तिनं वाकून पदराखाली डोकावलं. माझे डोळे लालभडक, सुजलेले. शेजारी अंबू तोंड पाडून उभी, कारण तिला यष्टी लागली होती.

"आक्का," बायडाचा आवाज कापला, "आण्णा...?"

काय सांगावं ते सुचेना, म्हणून मी पदर आणखी खाली ओढला. तिला तेवढं पुरलं.

"आण्णा गेलं गं बाईऽऽ!" तिनं असा हंबरडा फोडला, की कडब्याखालचं कुत्रं उठून ओढ्याकडं पळालं.

अंबू घाबरून माझ्याकडं बघायला लागली. मी तिचा हात दाबला. रडून सुजलेल्या डोळ्यांना कोण विचारतं, कुठून शिवून आणले म्हणून?

आणि खरं सांगते, त्या दुखण्यात भावाच्या सुतकाइतकं औषध दुसरं नाही. चूल पेटवायची नाही, म्हणजे धूर नाही. शेजारणींनी भाकरी आणि पिठलं आणायचं. पोत्यांच्या थप्पीला टेकून बसायचं आणि ओलं फडकं डोळ्यांवर धरायचं. वाकून केर काढा असं कुणी म्हणत नाही. डॉक्टरनं जे जे बजावलं होतं, ते सगळं गावच माझ्याकडून करून घेत होतं.

एकदा बायडा आपल्या बाळंत सुनेचं दूध वाटीतून घेऊन आली. "डोळ्यात दोन थेंब घाल आक्का, आग मरंल."

टाक्यांत दूध गेलं तर डॉक्टर मलाच कापून काढेल! मी हात आडवा केला. "न्हाई गं. आण्णाच्या नावानं म्या दूध सोडलंय."

"आगं, पर डोळ्यातबी?"

"समदीकडनं सोडलंय."

बायकांनी हळहळून च्यक् च्यक् केलं. बहीण असावी तर अशी!

पण खरी परीक्षा पुढंच होती. बायडा रडायला बसली की आजूबाजूची चार गावं ऐकतात. ती माझ्या गळ्यात पडली आणि आण्णाचे गुण गायला लागली. "कसा गं तुझा भाऊ, हाताचा मोकळाऽऽ!" आण्णानं जन्मात कुणाला तंबाखूची चिमूट दिली नव्हती. "कसं गं त्याचं बोलणं, साखरंवानीऽऽ!" आण्णा बोलला की म्हशी दूध चोरायच्या. "आन मला म्हनायचा, बायडे, तू माझी सख्खी भैनऽऽ!" आण्णा तिला 'कर्णा' म्हणायचा, जत्रेत वाजतो तो भोंगा; दुसरं नावच घेत नसे.

माझ्या पोटातून हसू उसळलं. मी पदर तोंडात कोंबला, तर खांदे गदगदायला लागले. एकेक टाका मुंगी चावावी तसा ओढत होता.

"रडू दे तिला, रडू दे," पलीकडून शेजारची बयाबाई म्हणाली. "मोकळी व्हऊ दे."

"कर्णा गप कर त्यो," मी अंबूच्या कानात म्हटलं, "न्हाईतर माझी शिवण उसवती."

असं सगळं चांगलं चाललं होतं. आणखी थोडे दिवस निघाले असते, तर सूजही उतरली असती आणि कुणाला कळलंही नसतं. पण बायडानं नाक पुसलं, लुगड्याचा पदर सारखा केला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आक्का, बनाच्या सुपारीची काळजी करू नगंस. दुखवट्याच्या घरात सुपारी फोडत न्हाईत. लोणंदच्या पाव्हण्यांना आमच्या घरी उतरवू. बोलणं मी करीन. तू निवांत रड."

माझं हसू जागच्या जागी गोठलं. ही सुतकाच्या वाटेनं पुन्हा माझ्या सोप्यात शिरली होती!

"आन धनी उद्या कुंडलला निघाल्यात," ती पुढं म्हणाली. "पटका काढून ठिवलाय."

बायडाचे मालक केरबाभावजी कुंडलला जाणार आणि दार आण्णाच उघडणार. पण त्याची मला फिकीर नव्हती. डोळे लपवावेत, तर सुपारी जाते. सुपारी ठेवावी, तर अब्रू जाते. मी दोन्ही क्षणभर जोखलं. अब्रू गेली तर भांडून परत आणता येते. ठरलेलं लग्न नाही.

मी फडकं बाजूला टाकलं आणि पदर मागं सारला. "कुनाचं सुतक? आण्णा चांगला जिता हाय. शेंगा फोडत बसला आसंल."

बायका गुडघ्यांवर पुढं सरकल्या.

"ह्ये डोळं रडून सुजलं न्हाईत. सांगलीला जाऊन पापण्या कापून घेतल्यात. हौसेनं. या, जवळनं बघा, टाकं हायती."

बायडाचा आवाज असा फुटला, की आण्णासाठीही एवढा फुटला नव्हता. "आन मी घसा फोडून रडले त्याचं काय? लाज न्हाई वाटली? पांढऱ्या कपाळाची बाई तू!"

"कपाळ पांढरं झालंय, बायडे. डोळं न्हाई. आन जित्या मानसाला रडलं की त्याचं आयुष्य वाढतं. आण्णा आता शंभरी गाठतोय, आन ते पाप तुझ्या माथी."

बयाबाई हसली. मग एकेक करून सगळ्याच हसल्या. मी तेवढी हसले नाही, डॉक्टरनं मनाई केली होती. गावानं पुढं माझ्यावर भाकरी खाल्लीच, पण सुपारी माझ्या सोप्यात राहिली.

लोणंदचे पाहुणे आले तोवर टाके निघाले होते आणि डोळ्यांभोवती नुसती हळदीसारखी पिवळी झाक राहिली होती. मुलाचे चुलते मानसिंगराव मिशी पिळत म्हणाले, "लगीन आमच्या दारात व्हईल. आमच्याकडं तशी रीतच हाय."

मी त्यांच्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. डोळा मिटला नाही, कारण तो मिटतच नव्हता. कातडी ताणलेली, पापणी अर्ध्यावर अडकायची. आग आग होत होती, पाणी यायच्या बेतात होतं, पण मी बघत राहिले. मानसिंगरावांनी मिशी सोडली. तांब्या उचलला, खाली ठेवला. घामाचा एक थेंब त्यांच्या कानामागून ओघळला.

"तशी... मुलीच्या दारातबी रीत हाय म्हना," ते म्हणाले.

"मग फोडा सुपारी," मी म्हटलं.

पाहुण्यांची पाठ वळली तशी मी आत जाऊन पडले. कुणीतरी गार फडकं डोळ्यांवर ठेवलं. मला वाटलं अंबू. पण फडकं ठेवणारी जाईना. फडक्याची कड उचलून माझी पापणी निरखत होती, तिचा श्वास माझ्या गालाला लागत होता.

"आक्का," बायडा हळूच म्हणाली, "लय दुखतं का गं?"

"तुला न्हाई जमायचं," मी म्हटलं. "तिथं गप पडून ऱ्हावं लागतं."