डोलकाठीची उंची

बाबा एकोणतीस वर्षं बंदराच्या टेहळणी मनोऱ्यावर होते. त्यांच्या दुर्बिणीच्या काचेत बारीक रेषा होत्या. वस्तूची खरी उंची मीटरमध्ये घ्यायची, हजाराने गुणायची आणि ती जितक्या रेषा भरते तितक्यांनी भागायची, अंतर मिळतं. बंदरातल्या प्रत्येक होडीची डोलकाठी किती उंच, हे त्यांना तोंडपाठ होतं. माझ्या धाकट्या भावाच्या होडीची नऊ मीटर.

त्या सकाळी धुकं दाटायच्या आत त्यांना ती भरकटताना दिसली. काठी तीन रेषा भरली. "तीन किलोमीटर," त्यांनी वायरलेसवर सांगितलं. बचावाची लाँच तिथे तासभर घिरट्या घालत राहिली. दुसऱ्या दिवशी भावाचा मृतदेह सापडला. होडीही सापडली, फुटलेली, डोलकाठी नसलेली.

बाबांनी नोकरी सोडली. "पोराची होडी बघून माझा हात हलला," एवढंच म्हणाले. पुढची अकरा वर्षं ते गच्चीवरून पाण्याची टाकी, कारखान्याची चिमणी, विजेचे खांब मोजत आणि पडताळायला मला पावलं टाकत पाठवत. दहा-वीस पावलांपलीकडे फरक कधी पडला नाही.

"मग त्याच दिवशी कसं चुकलं गं?"

मी भाजी चिरत राही.

अपघाताच्या आठवडाभर आधी पुलाखालून जाताना भावाने काठी मोडली होती. तुटका शेंडा त्याने करवतीने कापून टाकला.

"नकटी झाली की रे तुझी होडी!"

"ताई, नवी बसवेपर्यंत बाबांपुढे अवाक्षर काढू नकोस. नाहीतर काठीपाठोपाठ माझी मान."

सहा मीटर उरली होती. टेपचं दुसरं टोक मीच धरलं होतं.

बाबांच्या आजारापुढे डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मी सांगितलं. त्यांचे ओठ हलले.

"सहा हजार भागिले तीन. दोन किलोमीटर." मग, "वाचन बरोबर होतं माझं."

चेहरा सैल झाला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी तू वर डबा घेऊन आली होतीस."

"हो."

"मी वायरलेसवर बोलत होतो."

"हो, बाबा. जिना उतरताना माझ्या लक्षात आलं, तुम्ही नऊच मीटर धरलेत. वाटलं, सुखरूप घरी येऊ दे आधी, मग खाईल बोलणी."

त्यानंतर ते आठ दिवस होते. औषध नर्सच्या हातून घेत. मी पाणी पुढे केलं, की पेला टेबलावर ठेवायला सांगत.