मापाचा क्यू

भिशी लागली तेव्हा वैजयंतीनं मनाशी पक्कं केलं, या खेपेला मिक्सर नाही, सोफ्याची कव्हरं नाहीत. स्नूकर खेळायची काठी, म्हणजे क्यू घ्यायचा. स्वतःचा, हातानं बनवलेला.

सोलापुरात एका सोनोग्राफी सेंटरवर ती रिसेप्शनला होती. दुपारी डॉक्टर घरी जात, सेंटर पाचपर्यंत बंद. तेवढ्यासाठी जुळे सोलापूरला घरी जाऊन परत यायचं म्हणजे उन्हात जीव नकोसा होई. वरच्या मजल्यावर प्रभुचा स्नूकर क्लब होता आणि तिथं एसी होता. सुरुवातीला ती नुसती गारव्याला म्हणून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायची. एके दिवशी प्रभुच म्हणाला, "मॅडम, रोज बघताच आहात, तर एक बॉल मारून तरी बघा." तिनं मारला, तो गेला, आणि तिथून तिची दुपार बदलली. आता ती अशी खेळायची की मुरलेले गडीसुद्धा तिच्याशी फ्रेम, म्हणजे एक डाव, लावताना चहाची पैज लावत नसत.

दिवाळीनंतर बार्शीला स्पर्धा होती. प्रभुनं तिचं नाव परस्पर देऊन टाकलं. पण क्लबातल्या काठ्या म्हणजे काय सांगावं! एक वाकडी, तर दुसरीची टोकाची चामडी टीप चेपून बसलेली. कंपनीचा चांगला क्यू तिच्या ऐपतीबाहेरचा. मग प्रभुनंच भवानी पेठेतल्या शिवलिंगप्पांचं नाव सांगितलं. पूर्वी ते मागांचं लाकूडकाम करायचे. माग बंद पडत गेले तसे क्यूकडे वळले. "दर वाजवी आहे," प्रभु म्हणाला. "पण पहिला दिसला तो उचलू नका. टेबलावर लोळवून बघा, एक डोळा मिटून नजर लावून बघा. वजन हाताला विचारा."

रविवारी सकाळी ती गेली. बंद पडलेल्या एका कारखान्याच्या मागच्या बाजूला पत्र्याचं छप्पर, दारात लाकडाचा भुसा, आत एक लांब बाक. शिवलिंगप्पा नाकावर चष्मा ओढून काहीतरी घासत होते. तिची सावली दारात पडली तशी त्यांनी मान वर केली आणि चेहरा खुलला.

"बर्री, बर्री! या, या. किती उशीर केला ताई? आम्हाला वाटलं आता येत नाही तुम्ही."

वैजयंतीला वाटलं, प्रभुनं फोन केला असेल. "आत्ताच सवड मिळाली," ती म्हणाली. "दोन-तीन दाखवा ना. फार भारीतला नको."

"दोन-तीन कशाला?" म्हातारा हसला. आत जाऊन त्यांनी जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी आणलं आणि तिच्यापुढं बाकावर सोडवलं. "तुमचा तयार आहे की कधीचा."

फिकट लाकडाचा दांडा होता, त्यावर बाणाच्या टोकांसारख्या रेषा एकामागून एक उतरत गेलेल्या. मुठीकडचा भाग काळाभोर शिसवी, आणि काळं-पांढरं जिथं मिळत होतं तिथं नखसुद्धा अडकत नव्हतं. वैजयंतीनं प्रभुनं सांगितल्याप्रमाणे बाकावर लोळवला. पाण्यावरून जावा तसा गेला. मग तिनं मूठ धरली आणि हात तसाच थांबला.

तिच्या उजव्या हाताची करंगळी लहानपणी मोहोळकडच्या मळ्यात कडबाकुट्टीत सापडली होती. बोट वाचलं, पण ते कधी पुरतं मिटलं नाही. कुठलाही क्यू धरला की ते बोट बाहेर राहायचं आणि दांडा हलायचा. या क्यूच्या मुठीला बरोबर तिथं, करंगळीखाली, एक उथळ खोबण कोरलेली होती. बोट तिथं असं जाऊन बसलं की जणू घरी आलं.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्हीच दाखवलं नाही का बोट?" शिवलिंगप्पा म्हणाले. "मी मेणात ठसा घेतला की त्याचा. उन्हाळ्यात. अर्ध्याच्या वर पैसेही दिलेत. थोडे राहिलेत बघा."

"मामा, मी इथं पहिल्यांदाच येतेय."

तेवढ्यात त्यांची बायको रत्नम्मा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. वैजयंतीला बघून म्हणाली, "अय्य, आलात का? बिनसाखरेचा चहा टाकते थांबा."

वैजयंती बिनसाखरेचाच चहा प्यायची.

तिनं दोघांना परत परत सांगितलं, ती मी नव्हते. दोघं नुसते हसले. शिवलिंगप्पांना वाटलं, बाई उरलेल्या पैशांसाठी आढेवेढे घेते आहे. त्यांनी राहिलेली रक्कम सांगितली. ती तिच्या बजेटपेक्षाही कमी होती. दुसरे क्यू भिंतीला उभे होते, पण आता त्यांच्याकडे बघायची तिला इच्छा राहिली नव्हती. बोट त्या खोबणीतून निघायला तयार नव्हतं. म्हातारपणी माणसं चेहरे विसरतात, असं तिनं स्वतःला समजावलं. कुणी दुसरीनं पैसे भरले असतील तर ती येईल, तेव्हा बघू. तिनं पैसे दिले आणि क्यू खांद्याला लावून ती बाहेर पडली. भुसा चपलेला लागला होता तोही झटकला नाही.

पुढचे दिवस क्लबात नुसता आनंद होता. पांढरा बॉल सांगितल्या जागी जाऊन उभा राहायचा. पण हळूहळू एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. ती सरळ लाल बॉलवर वाकायची, आणि क्यू जरासा डावीकडे ओढ घ्यायचा, तिच्या मनातही नसलेल्या कोपऱ्याकडे. ओढीला नाही म्हटलं की बॉल चुकायचा. हो म्हटलं की असा शॉट जायचा, जो ती कधी शिकलीच नव्हती. समोरचा टाळी वाजवायचा आणि ती हातातल्या क्यूकडे बघत राहायची. कुणीतरी हा शॉट कितीतरी वेळा मनातल्या मनात खेळून ठेवला होता, या क्यूची वाट बघत.

मग लोक बोलू लागले. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला म्हणाला, "दीदी, सबेरे आवाज दिया, तुमने देखा भी नहीं." सेंटरमधल्या नर्सनं तिला नवी पेठेत एका दुकानाच्या काचेत स्वतःचाच चेहरा निरखताना पाहिलं होतं. वैजयंती त्या वेळी सेंटरवर पेशंटची नावं पुकारत होती.

आणि एका संध्याकाळी ती घरी आली तर आई, बजाबाई, दारातच पायरीवर बसलेली.

"मिळाली का गं काठी?" आईनं विचारलं.

"कसली काठी?"

"आता गं! मगाशी तूच न्हाय का आलीस इचारायला? माझी काठी कुटं हाय म्हणालीस. मी म्हणलं, सकाळी तूच न्हेलीस की खांद्याला लावून. तर नुसती बघत हुबी राहिलीस. पाणी दिलं, ते उभ्यानंच पिलीस. लई दमल्यागत दिसत हुतीस."

वैजयंतीच्या खांद्यावरून क्यूची पिशवी घसरली. "आई, मी आत्ता येतेय. थेट कामावरनं."

बजाबाईनं तिच्याकडे नीट पाहिलं. मग पदर तोंडाशी नेला. "तरीच," ती बारीक आवाजात म्हणाली. "मला वाटलं थट्टा करतीस."

"काय झालं?"

"तू मला आई न्हाय म्हणालीस. 'अहो' म्हणालीस. 'अहो, तुमी कोण?' असं."

त्या दोघी कितीतरी वेळ पायरीवर बसून राहिल्या. आत जायला दोघींनाही धीर होईना. वैजयंतीला भीती वाटत होती, पण भीतीच्या तळाशी दुसरंच काहीतरी होतं. आपल्याच घरी यावं आणि आईला ओळखू नये, आईनं मात्र पोरगी म्हणून पाणी द्यावं. त्या बाईचं काय झालं असेल? ती इथून कुठं गेली असेल?

दुसऱ्या दिवशी तिनं अर्धी रजा टाकली आणि सकाळीच भवानी पेठ गाठली. दारात तिला बघून रत्नम्मा दोन पावलं मागं सरली. या वेळी चहाचं नाव निघालं नाही.

"मामा, ती आली होती?"

शिवलिंगप्पांनी चष्मा काढून बाकावर ठेवला. "परवा आली. बाकीचे पैसे घेऊन. माझा क्यू द्या म्हणाली. मी म्हटलं, ताई, तुम्हीच नेलात की. भांडली. मग तिथं बसली, त्या स्टुलावर, आणि रडली." त्यांचा आवाज खाली आला. "ताई, मी पन्नास माणसांत हात ओळखतो. तो हात तुमचाच होता. तेच बोट."

"माझ्याबद्दल काही विचारलं तिनं?"

उत्तर रत्नम्मानं दिलं. "विचारलं. ती कोण आहे म्हणाली. माझ्यासारखीच दिसते का? मी व्हय म्हटलं, तर तोंड पांढरं पडलं तिचं. म्हणाली, मला भीती वाटते त्या बाईची."

वैजयंतीनं पिशवीची चेन उघडली. क्यू काढला. शेवटचा एकदा मुठीत धरला. बोट खोबणीत जाऊन बसलं, सवयीनं. मग तिनं तो त्याच जुन्या कापडावर ठेवला आणि स्वतःच गुंडाळला.

"तिचा आहे. आली की द्या. मी नेला होता हेही सांगा, आणि मुद्दाम नव्हता नेला म्हणावं." मग जरा थांबून म्हणाली, "थोडा मुद्दाम नेला होता."

शिवलिंगप्पांना मोठा दगड उतरल्यासारखं झालं. "मग तुम्ही यातला घ्या एखादा. पैसे तुमचे जमाच आहेत."

भिंतीशी तीन उभे होते. पहिल्याचं सगळं वजन मुठीकडं. हातात धरला की पुढचं टोक तरंगायचं. दुसरा दिसायला देखणा, पण बाकावर लोळवला तर मधेच लचकत गेला. तिसऱ्या दांड्यावर, मधल्या भागात, एक तपकिरी गाठ होती आणि रेषा तिथं येऊन विस्कटल्या होत्या. पण लोळवला तर तो नीट गेला. एक डोळा मिटून पाहिलं तर सरळ होता. करंगळी बाहेर राहिली, नेहमीसारखी.

"बोटासाठी खाच करून देऊ?" शिवलिंगप्पांनी विचारलं. "कानस फिरवायची, वेळ लागत नाही."

"नको," ती पटकन म्हणाली. "असाच राहू द्या. मी सवय करीन."

तिनं तो टेबलावर वापरून पाहिला तेव्हा पहिले काही दिवस काहीच जमेना. गाठीवरून हात घसरताना जरासं जाणवायचं. पण क्यू कुठं ओढत नव्हता. चुकलेला शॉट तिचा होता आणि गेलेलाही. बार्शीला ती उपांत्य फेरीत हरली, काळ्या बॉलवर, सोप्या शॉटला. परतीच्या बसमध्ये प्रभु हळहळत होता. "तो आधीचा क्यू असता ना मॅडम, तर कप आपलाच होता." तिला वाईट वाटत होतं, पण झोपही लागत होती, आणि तशी झोप बऱ्याच दिवसांत लागली नव्हती.

त्यानंतर शिवलिंगप्पांचा फोन आला. "नेला," एवढंच म्हणाले. मग पुढं, "तुम्ही कोणता घेतला विचारत होती. गाठीचा, म्हटलं. तर म्हणाली, त्या बाई बरं खेळतात का?"

थंडीतली गोष्ट. दुपारी सेंटर बंद करून वैजयंती नेहमीसारखी वर गेली. जिन्यातच तिला बॉलचा आवाज ऐकू आला. क्लबाच्या काचेच्या दारापाशी ती पोचली आणि तिथंच थबकली. प्रभु काउंटरवर मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. आतल्या टेबलावर एक बाई वाकली होती. दाराकडं पाठ. तिच्यासारखीच वेणी, तशीच पाठीच्या मधोमध. मागच्या हातात काळीभोर शिसवी मूठ, आणि त्यावर करंगळी अगदी निश्चिंत बसलेली.

दार ढकललं असतं तर ती वळली असती. वळली असती तर दोघींनी एकमेकींना पाहिलं असतं, आणि मग पुढं काय, हे तिला ठाऊक नव्हतं. पण शॉट घेणाऱ्या माणसासमोर हलायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती हलली नाही. श्वाससुद्धा धरून ठेवला. काळा बॉल त्या डावीकडच्या कोपऱ्यात असा गेला की जाळीचा आवाजही आला नाही. बाईचे खांदे सैल झाले. आता ती सरळ होणार, आता मान फिरवणार, तेवढ्यात वैजयंती मागं सरली आणि कठड्याला धरून, पायांचा आवाज न करता, जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सेंटर उघडायच्या आधी, ती प्रभुला भेटली. इथून पुढं सकाळी लवकर खेळीन म्हणाली.

"चालेल की. मग दुपारचं टेबल दुसऱ्या कुणाला देऊन टाकू?" प्रभुनं खडू उचलून टेबलांच्या वेळा आणि नावं लिहिलेल्या फळ्याकडं हात नेला.

"नको," वैजयंती म्हणाली. "तिथं माझं नाव राहू द्या."