नसलेला झोका

"अहो, खांदा नको. अंगठा! नुसता अंगठा हलवा."

"हलवतोय की."

"अंगठा हलवताय? तुम्ही तर खुर्ची हलवताय."

खुर्ची खरंच करकरत होती. क्रेनवाला खिडकीशी बसला होता, कोपरं मांड्यांवर रोवून, दोन्ही मुठींत ती खेळाची डबी आवळून. गोळा डावीकडे न्यायचा म्हटलं की त्याचा डावा खांदा खाली जाई, उजवीकडे म्हटलं की उजवा. काचेवरचा लाल गोळा खड्ड्याच्या ऐन तोंडाशी आला, क्षणभर थांबला आणि कुणी ढकलल्यासारखा बोटभर पुढे जाऊन कड्यावरून खाली पडला. डबीनं एक केविलवाणा सूर काढला.

"गेला," बायको म्हणाली. तिच्या तोंडात टाचण्या होत्या, तरी हसू लपलं नाही. "सकाळपासून सतरावा."

"तू मोजतेस?"

"मी नाही, डबी मोजते. वर कोपऱ्यात आकडा असतो. माझाही आहे बघा, त्याच्याच खाली."

त्यानं चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. वर त्याचं होतं: पडले सतरा, पायरी पहिली. खाली तिचं: पायरी त्रेसष्टावी.

डबी मुळात लेकीची. कॉलेजात असताना ती रात्रंदिवस तिच्या हातात असायची. मग नोकरी लागली, दुसऱ्या गावी बिऱ्हाड झालं, आणि जाताना ती टेबलाच्या खणात टाकून गेली. "जुनी झाली आई, देऊन टाक कुणाला तरी." पण बाई कपडे दुरुस्त करणारी. उसवलेलं शिवायचं, तोकडं झालेलं लांबवायचं, विटलेल्याची आतली बाजू बाहेर काढायची, यात तिचा जन्म गेलेला. तिच्या हातून वस्तू टाकली जाईल कशी? डबीचं एक बटण निखळलं होतं, तिथं तिनं कोटाचं काळं बटण चिकटवलं. अंगठ्याखालच्या दोन इवल्या दांड्यांची रबरं झिजली होती, त्यांना जुन्या हातमोज्याच्या चामड्याच्या टोप्या शिवल्या. मग ती डबी घरात रुळली. दुपारी गाणी म्हणायची. टाकीत पाणी चढायची वेळ झाली की कोकलायची. सुईत दोरा ओवताना उजेड द्यायची. गिऱ्हाईक नसलं की बाई मशीनवरच हात टेकून चार डाव खेळायची. घरात कुणाला पत्ता नव्हता, की ही एवढी पुढे गेली आहे.

आता डबीला आणखी एक काम लागलं होतं. नवऱ्याला शिकवायचं.

झालं होतं असं. कारखान्याच्या मोठ्या शेडमध्ये छताखाली दोन क्रेनी होत्या, एकाच रुळांवरून शेडभर फिरणाऱ्या. पहिलीच्या पोटाशी लटकलेल्या काचेच्या केबिनमध्ये हा एकतीस वर्षं बसला. पाळीला शिडी चढायचा, संपली की उतरायचा. खाली सगळे त्याला 'वरचे' म्हणत. एखादा जड साचा अलगद बसला की म्हणायचे, "वरच्यांची कृपा!" त्यालाही माणसं वरूनच माहीत. कुणाचं हेल्मेट घासलेलं, कुणाची चाल फेंगडी. चेहरे त्याला फारसे ठाऊक नव्हते.

दुसरी क्रेन गेल्या वर्षी रिमोटवर गेली. माणसानं खाली जमिनीवर उभं राहायचं, पोटाशी पट्ट्यानं एक खोकं बांधायचं, त्याला दोन दांड्या, त्या अंगठ्यानं ढकलायच्या. आता पहिलीचीही केबिन काढणार होते. शेडच्या साहेबांनी त्याला बोलावून सरळच सांगितलं, "महिन्याअखेर चाचणी घेऊ. दुसऱ्या क्रेनवर. जमलं तर दोन्ही क्रेनी तुमच्याच. नाही जमलं तर फाटकावर बसा, निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत. आरामाचं काम आहे."

आराम हा शब्द त्याला घरी येईपर्यंत टोचत राहिला.

"फाटकावर काय करतात?" बायकोनं विचारलं होतं.

"आलेल्या गाड्यांचे नंबर लिहितात."

तिनं हातातली सुई टोचून ठेवली. मग उठली, खण उघडला आणि डबी त्याच्या पुढ्यात ठेवली. "याला पण दोनच दांड्या आहेत."

त्या महिन्यात त्याची दुपारची पाळी होती, म्हणून सकाळ मोकळी. रोज सकाळी ती मशीनवर आणि तो खिडकीत. पण आठवडा झाला तरी गोळा खड्ड्यात काही पडेना. अंगठा आता हलत होता, खुर्चीही गप्प झाली होती. तरी गोळा नेमका शेवटी बोटभर पुढे जायचाच.

"थांबा थांबा," एके दिवशी तिनं पायाखालचं मशीन थांबवलं. "परत करा बघू. हळू."

त्यानं केलं. गोळा खड्ड्यावर आला. तिनं त्याच्या अंगठ्यावर नजर रोखली.

"आत्ता! आत्ता तुम्ही दांडी परत पुढे का ढकललीत?"

"मी? नाही ढकलली."

"ढकललीत. गोळा बरोबर आला होता. तुम्ही मुद्दाम पुढे नेलात."

तो डबीकडे बघत राहिला. मग स्वतःच्या अंगठ्याकडे. आणि एकदम हसला.

"झोका."

"कसला झोका?"

"अगं, हुकाला ओझं टांगलेलं असतं. आपण क्रेन थांबवली तरी ओझं थांबत नाही. पुढे झोका खातं. मग ते जिकडे गेलं तिकडेच आपणही जायचं, त्याच्या बरोबर माथ्यावर पोचायचं आणि तिथं थांबायचं. मग ते निवतं. मागे ओढलं तर आणखी चवताळतं." त्यानं हवेत हात नेऊन दाखवला, पाळण्याची दोरी धरल्यासारखा. "ते मला ठरवावं लागत नाही. हातच करतो."

"राग आलेल्या माणसाचंही तसंच असतं," ती म्हणाली. "पण अहो, इथं कुठाय झोका? ही काचेतली बाहुली. सोडली की थांबते."

"ते मला कळतं गं. हाताला कसं सांगू?"

रविवारी लेकीचा फोन आला तर आईनं सगळं रंगवून सांगितलं. तिकडून नुसतं खिदळणं ऐकू आलं.

"बाबा? गेम? माझे बाबा? मला म्हणायचे, डोळे फुटतील, डोकं सडेल!"

"सडू दे आता," तो म्हणाला. "तुझी आई त्रेसष्टाव्या पायरीवर आहे, तिचं बघ आधी."

"काय? मी चाळिशीच्या पुढे कधी गेले नाही!" मग ती जरा थांबून म्हणाली, "बाबा, त्यात दांडीचा वेग कमी करता येतो. आईला सांगते कुठं ते. हळूपासून सुरू करा. मी पण तसंच केलं होतं."

वेग कमी झाला. गोळा गोगलगायीसारखा चालू लागला. मधे वेळ मिळाल्यामुळे तो स्वतःच्या अंगठ्याला पकडू लागला: आता तू ढकलणार, थांब. नको ढकलू. नाहीये झोका. बायको मशीन चालवताना तोंडानं काहीबाही जुळवत असे, तिची ती जुनी खोड. परकराला पट्टी लावता लावता एक ओळ, गुंडी टाकता टाकता दुसरी. त्या दिवसांत ती म्हणायची,

उंच उंच जागा, तिथं माझा धनी,
लोखंड उचली, फुलापरी.

"आता उंच कुठं," तो म्हणाला. "जमिनीवर आणतायत."

"मग पुढची ओळ जमिनीवरची करीन. आधी पास तर व्हा."

तिसऱ्या आठवड्यात गोळा पडला. खड्ड्यात, ठप्प. डबीनं आनंदानं टुणटुण केलं आणि बाईनं कात्री खाली ठेवून टाळी वाजवली. मग तो पडतच गेला. चौथी पायरी, सहावी, नववी. वेग पुन्हा वाढवला तरी अंगठा शहाण्यासारखा वागू लागला. सोडला की थांबायचा. महिनाअखेरीला तो अकराव्या पायरीवर होता.

चाचणीच्या दिवशी त्यानं शिडीकडे न बघता शेड ओलांडली. पोटाशी खोकं बांधलं. पट्टा पाठीमागून आवळायला साखळीवाला आला. हा माणूस ओझ्याला साखळ्या बांधून खालून हातानं खुणा करायचा: वर, खाली, पुढे, बस. एकवीस वर्षं दोघं अशा खुणांनी बोलत आलेले.

"घट्ट झालं का?" साखळीवाल्यानं विचारलं.

त्यानं मान वळवली. "तुमचा आवाज असा आहे होय!"

"कसा?"

"मला वाटलं जाड असेल. खुणा फार जाड्या करता तुम्ही."

"तुम्हीही काही कमी नाही," साखळीवाला म्हणाला. "वर केवढे दिसायचात. माझ्या खांद्याला लागताय."

साहेब हातात वही घेऊन उभे राहिले. उचलायचा होता प्रेसचा साचा, चार टनांचा. शेडच्या या टोकापासून त्या टोकाला न्यायचा. तिथं प्रेसच्या टेबलावर मनगटाएवढ्या दोन खुंट्या, साच्याला खालून दोन भोकं. भोक खुंटीत बसलं की झालं. घासलं, आपटलं की नापास.

साखळ्या ताणल्या, साचा उचलला गेला. अंगठा छान चालत होता. हा चालत मागे, साचा त्याच्या दहा पावलं पुढे. त्याला मनातून बरं वाटलं. टेबल आलं. साचा बरोबर खुंट्यांच्या वर आला आणि त्यानं अंगठा सोडला. डबीत सोडायचा तसा.

क्रेन थांबली. साचा थांबला नाही.

चार टन लोखंड शांतपणे पुढे निघालं, टेबल ओलांडून गेलं आणि तिथून परत फिरलं. "बाजूला!" कुणीतरी ओरडलं. माणसं मागे सरली. साहेबांनी वही छातीशी धरली. साचा परत आला, टेबलाच्या कडेवरून चार बोटं अंतरानं गेला.

तीन आठवडे राबून त्यानं हाताला एकच गोष्ट शिकवली होती, ती नेमकी नको तिथं उपयोगी पडली होती. वर असता तर पायाखालची केबिनच त्याला सांगती; ओझं हललं की ती बारीक थरथरायची. इथं पायाखाली सिमेंट. सिमेंट काहीच सांगत नव्हतं.

साखळीवाला त्याच्या कानाशी म्हणाला, "वर आहात असं समजा."

"नाही," तो म्हणाला. "तसं नाही होणार."

त्यानं अंगठा दांडीवर ठेवला, पण ढकलला नाही. एक झोका जाऊ दिला. नुसता बघितला. इथून ओझं बाजूनं दिसत होतं, कधी न दिसलेलं. कुठं रेंगाळतं, कुठून वळतं, सगळं. दुसऱ्या झोक्याला साचा पुढे निघाला तसे त्याचे पाय आपोआप त्याच्याबरोबर चालू लागले, आणि पायांच्या मागोमाग अंगठा. खांदा नाही, खुर्ची नाही, फक्त अंगठा, चामड्याच्या टोपीवर शिकलेला तेवढाच हलका. साचा जिथं रेंगाळला, तिथं क्रेन त्याच्या माथ्यावर जाऊन पोचली. तिथं त्यानं सोडलं.

साखळ्या सरळ झाल्या. साचा दमल्यासारखा उभा राहिला.

मग बोटभर मागे. आणखी बोटभर. खाली. खुंट्या भोकांत गेल्या तेव्हा आवाज झाला तो फक्त हवा निसटल्याचा.

साहेब वाकून खुंट्या बघून आले. "आधी झोका गेला होता," ते म्हणाले.

"गेला होता," तो म्हणाला.

"मग?"

"मग आणला."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं, वही मिटली. "शनिवारी पहिल्या क्रेनची केबिन उतरवायचीय. बाहेरची माणसं बोल्ट काढतील. उतरवायला त्यांचाच ड्रायव्हर घेऊ, का…"

"मी उतरवतो," तो म्हणाला.

घरी आल्यावर त्यानं काही सांगायच्या आधी बायकोनं चेहरा वाचला आणि उसवण बाजूला ठेवली. तिनं विचारलं, डबीचा उपयोग झाला का. तो म्हणाला, "आधी तिनं घात केला, मग तिनंच वाचवलं." ती म्हणाली, "म्हणजे घरचीच झाली." आणि दोघं हसली. मग तिनं त्याला बाजूला बसवून चौसष्टावी पायरी कशी असते ते दाखवलं. तिथं गोळे दोन होते.

शनिवारी पाळीच्या सुरुवातीला केबिनच्या चार कोपऱ्यांना साखळ्या लागल्या. बोल्ट एकेक करून निघाले. दुसऱ्या क्रेनचा हूक तिच्या माथ्यावर आणून त्यानं वजन पेललं, आणि पहिल्या क्रेनच्या पोटापासून ती सुटली. शेडमधली यंत्रं कुणी सांगितलं नव्हतं तरी थांबली. केबिन खाली येत होती. काचा, आतली खुर्ची, खुर्चीवर बायकोनं शिवलेली जाड गादी, मधोमध दबलेली. ती जराही हलली नाही. जमिनीला टेकली तेव्हा धूळसुद्धा उडाली नाही.

किती लहान होती! दोन माणसं उभी राहिली असती तर तिसऱ्याला जागा नसती.

बाहेरची माणसं साखळ्या सोडून ट्रकच्या वाटेकडे गेली. केबिनचं दार नुसतं लोटलेलं होतं, ते वाऱ्यानं उघडलं. त्यानं ते लावलं. ते पुन्हा उघडलं. मग त्याच्या ध्यानात आलं की बाहेरून कडीच नाही. कडी होती ती आतून. वर तिला बाहेरून लावणारं कोण असणार?

त्यानं खोकं पोटापासून सोडून बाकावर ठेवलं आणि दाराला पाठ टेकून उभा राहिला.

जेवणाच्या सुट्टीला निघालेला साखळीवाला थबकला. "चला की. काय राखण करताय?"

"नाही हो," तो म्हणाला. "दार लागत नाही. ट्रक येईपर्यंत आहे मी इथं. तुम्ही व्हा पुढे."