रक्ताची सासू

सासूचं दुखणं सुनेला लागत नसतं, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं. ह्याच शहाणपणावर निमगावच्या त्या घरानं दोन वर्षं निवांत काढली.

द्वारकाबाई छातीच्या कॅन्सरनं गेल्या, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं की हा दोष रक्तातून आलाय, रक्ताच्या माणसांनी तपासून घ्या. द्वारकाबाईंना दोन मुलगे, अजित आणि विशाल. लेक नाही म्हणून सगळ्यांनी आधीच सुटकेचा निःश्वास सोडला. पुरुषाकडूनही दोष पुढं जातो म्हटल्यावर दोघं भाऊ कुरकुरत का होईना, बारामतीला जाऊन रक्त देऊन आले. दोघांचेही रिपोर्ट चांगले आले. अजितनं आळीत पेढे वाटले, आणि तो बॉक्स घेऊन दारोदार फिरली ती त्याची बायको स्वरूपा.

आता ही स्वरूपा कोण? द्वारकाबाईंच्या सख्ख्या भावाची, सांगवीच्या रामहरीची थोरली लेक. मामाची पोरगी करायची आपल्याकडं रीतच आहे, त्यात कुणाला काय वावगं दिसणार! हळद लागली आणि भाचीची सून झाली. तिचं आत्याशी रक्ताचं नातं होतं, हे त्या दिवसापासून सगळे साफ विसरले. ती स्वतःही विसरली. शेवटचे चौदा महिने आत्याचं हगणंमुतणं काढलं तिनं, ते सून म्हणूनच काढलं.

ध्यानात आलं ते प्रतिक्षाच्या. बारामतीच्या दवाखान्यात घरच्यांना हे रक्ताचं सगळं समजावून सांगणारी ती पोरगी. अजितची फाईल तिकडंच राहिली होती, ती आणायला स्वरूपा यंदा उन्हाळा लागता लागता गेली. फाईल देता देता प्रतिक्षानं सहज विचारलं, "लग्न नात्यातलं का हो, ताई?"

"व्हय की. सासू म्हंजी माझी सख्खी आत्या."

प्रतिक्षानं फाईल परत टेबलावर ठेवली. "ताई, मग तुमची तपासणी आधी व्हायला हवी होती."

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. जो दोष आत्याच्या रक्तात, तोच भाचीच्या. प्रतिक्षानं घाबरवलंही नाही आणि लपवलंही नाही. असा दोष असलेल्या शंभरातल्या साठ-सत्तर बायकांना कधी ना कधी छातीचा कॅन्सर होतो, म्हणाली. एक तर दर सहा महिन्यांनी तपासत राहायचं, नाहीतर रोग व्हायच्या आधीच दोन्हीकडचं काढून टाकायचं. धोका पुरता जात नाही, पण पुष्कळ कमी होतो. निर्णय तुमचा, असंही म्हणाली. अगं बाई, निर्णय तुमचा म्हणणं सोपं असतं!

स्वरूपा पंधरा दिवस पेरूच्या बागेत फळांना पिशव्या बांधत राहिली आणि रडत राहिली. चौतिसावं वर्ष, धडधाकट अंग. कुठं दुखत नाही, खुपत नाही. ह्याच छातीवर प्रगतीला पाजलं, ती आता नऊ वर्षांची झाली. आपल्या हातानं जाऊन कापून घ्यायचं म्हणजे काय चेष्टा आहे? पण डोळे मिटले की आत्याची ती शेवटची महिनाभराची तडफड दिसायची. सोळाव्या दिवशी तिनं अजितला सांगून टाकलं की मला काढायचंय.

"येडी झालीस का?" अजित ओरडलाच. "रोग न्हाय, राई न्हाय, आन अंगाला कात्री लावायची? गाव काय म्हणंल? मामाला बोलावतो. ते म्हणतील तसं."

स्वरूपाला उलट बरंच वाटलं. बापानं तिला आजवर कशाला नाही म्हटलं नव्हतं.

रविवारी दुपारी रामहरी आला. पाणी प्याला, सगळं ऐकून घेतलं, आणि घसा खाकरून म्हणाला, "आमच्या घरात तीन पिढ्यांत कुणाला कॅन्सर न्हाय."

"तात्या, आत्या?"

"द्वारका तुमच्या घरची. दिल्या घरची."

"आन मोरगावची धाकटी आत्या? तिलाबी छातीतच गाठ व्हती की."

"ती मोरगावच्या घरची."

वा रे न्याय! लेकी दिल्या आणि त्यांची मरणंही त्यांच्यासोबत देऊन टाकली. सांगवीचं घर आपलं स्वच्छच्या स्वच्छ. स्वरूपाला बापाचा असा राग आला की तिनं पदर तोंडात कोंबला.

मग रामहरीचा आवाज उतरला. खरी गोष्ट आता आली. "पोरी, प्राचीची बोलणी चाललीत माळेगावला. पोरगा कारखान्यात परमनंट हाय. तुझं हे आत्ता भाईर पडलं, तर आमच्या लेकींच्यात खोट हाय म्हणून सोयरीक मोडंल बघ. तुझ्या धाकट्या बहिणीचं वाटोळं करतीस का? दिवाळीनंतर बार उडवून देतो. तवर गप ऱ्हा. सात-आठ महिन्यांत काय आभाळ कोसळतंय?"

"मामा बरोबर म्हणत्यात," अजित म्हणाला.

आयुष्यात कुणाला सांगायचं नाही असं स्वरूपानं ठरवलं होतं, ते तिच्या तोंडून निघून गेलं.

"आत्याबी असंच म्हणली व्हती."

"कवा?" अजितनं विचारलं.

"विशालभाऊजींच्या लग्नाआधी. न्हाणीत बोलावून मला गाठ दाखवली तिनं. सुपारीएवढी. म्हणली, लग्न पार पडू दे, मग बघू. अजितला बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील. आठ महिनं मी कुणाला बोलले न्हाय."

आईचं दुखणं लग्नानंतर एकाएकी उपटलं, आधी काही कळलंच नाही, असं अजित भेटेल त्याला सांगायचा. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, थोडं आधी आणायला हवं होतं. त्या 'थोडं आधी'वर तो कितीदा रडला होता, ते स्वरूपानं पाहिलं होतं. जवळ बसून पाहिलं होतं.

"आठ महिनं?" अजित म्हणाला.

"व्हय."

"आन तू गप बसलीस?"

"बसले. शपथ घातली व्हती तिनं. आता कुणाच्या लग्नासाठी बसणार न्हाय. प्राचीचंबी रक्त तपासायचं, लग्नाआधी."

रामहरीनं टोपी उचलली. "हे बोलायचं नव्हतंस, पोरी," एवढंच म्हणाला आणि चहा न घेता गेला. अजितनं तिच्याकडं बघितलं. इतकं कोरडं तर तो परक्या बाईकडंही बघत नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी अजितनं फोन तिच्यापुढं ठेवला.

"तारीख घे. सही करतो मी. प्राचीलाबी ने, मामाचं मी बघतो. पण ह्याच्या म्होरं आईचं नाव माझ्यासमोर काढायचं न्हाय तू."

मागितलं ते मिळालं होतं. हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं, कसलं हलकं न् कसलं काय! आत्या गेली तेव्हा ह्याच माणसाच्या गळ्यात पडून ती रडली होती. आता ऑपरेशनची भीती कुणाला सांगायची, तेच तिला कळेना.

तिनं बारामतीला फोन लावला. प्रतिक्षानं पुढच्या महिन्यातली तारीख दिली आणि काय काय आणायचं ते सांगितलं. "नंतर काही दिवस हात वर करता येणार नाहीत, ताई. वेणी घालायलाही माणूस लागेल. पहिल्यांदा पट्टी सुटते ना, तेव्हा आपलं माणूस जवळ असलेलं बरं असतं. मिस्टर येतील ना?"

अजित बाहेर पाठमोरा बसून फवारणीचा पंप धूत होता.

"येतील," स्वरूपा म्हणाली. "सहीपुरते येतील."