अठ्ठ्याण्णवचा साप

सापशिडीवर मारधाडीचा सिनेमा काढायचं निर्मात्याच्या डोक्यात आलं, तेव्हा त्याने लेखकाला बोलावून एवढंच विचारलं, "लहानपणी खेळलायस ना? मग झालं तर. कथा तयारच आहे!" शिडी म्हणजे हेलिकॉप्टरमधून सोडलेली दोरी, फासा म्हणजे बाँब आणि साप म्हणजे काळे गॉगल घातलेले गुंड. मीटिंगमधल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांना पगारच त्याचा होता.

लेखकाने मात्र जीव ओतून लिहिलं. त्याला एकच प्रसंग हवा होता. शंभराच्या तोंडाशी पोचलेल्या हिरोला मोठा साप गिळतो, हिरो थेट तळाला येतो, कपडे झटकतो आणि पुन्हा चढायला लागतो. हा प्रसंग त्याच्या ताईचा होता. लहानपणी अठ्ठ्याण्णवचा साप हटकून तिलाच गिळायचा आणि ती सोंगटी खाली आणून म्हणायची, "चल, टाक फासा." पुढे आयुष्यातही तिने तेच केलं. चांगलं चाललेलं शिवणाचं दुकान आगीत गेलं, तर ही बाई महिनाभरात घराच्या पुढच्या खोलीत मशीन मांडून बसली. "काहीही होवो ताई, तुझा साप पडद्यावर येणार," असा शब्द त्याने तिला दिला होता. तिने तो शेजारपाजारी सांगूनही टाकला होता.

मग हिरो आला. त्याने कथा ऐकली, नखं न्याहाळली आणि म्हणाला, "मला साप चावणार नाही."

"सर, पण खेळच सापशिडीचा..."

"इतरांना चावू देत की! मी कुठे नाही म्हणतोय?"

"बरोबर आहे सरांचं!" निर्माता घाईघाईने म्हणाला. "सरांना नुसत्या शिड्या देऊ."

रडक्या भिडूला खेळात घेतात, पण कधीच बाद धरत नाहीत, त्याला कच्चं लिंबू म्हणतात, आणि सर, ते तुम्ही आहात! लेखकाच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात समोर भिंतीवर लावलेल्या सिनेमाच्या नमुना पोस्टरवर त्याला आपलं नाव दिसलं. अक्षरं बारीक होती, पण नाव त्याचंच होतं.

"होईल सर," तो म्हणाला आणि साप विनोदी नटाकडे वळवला.

सिनेमाच्या पहिल्याच खेळाला ताई शेजारणींना घेऊन आली. हिरो शिड्यांमागून शिड्या चढत सुटला होता. अठ्ठ्याण्णववर साप आला आणि त्याने ढेरपोट्या नटाला गिळलं. नट धपकन चिखलात पडला, उठला, कपडे झटकून पुन्हा चढायला लागला. थिएटर हसून लोटपोट झालं. शेजारणींनी तर डोळे पुसले. ताई तेवढी समोर बघत होती आणि लेखकाला तिच्याकडे बघवेना.

घरी आल्यावर ती मशीनवर बसली. त्याने सारवासारव सुरू केली. "ताई, माझा अगदी नाइलाज झाला गं. हिरो ऐकेना, निर्माताही त्याचीच री ओढायला लागला..."

"अरे, मी कुठे रागावलेय?" तिने सुईत दोरा ओवला. "साप चावला की तू पट उधळून द्यायचास, आठवतं? मग मीच तुझी सोंगटी हळूच पुढे सरकवायचे."

"ताई, आता मी काय लहान आहे का?"

तिने कापड सारखं केलं आणि त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"असू दे रे बारक्या. तुला बाद धरायचं नाही, हे आपल्या घरात पहिल्यापासून ठरलेलंच आहे."