दोन दगडांवरचा एकच साप

मामांनी दोन दूरदेशांतून प्राचीन म्हणून विकत आणलेले दगड रुमालातून अलगद सोडवून माझ्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर मांडले. दोन्हींवर सूर्य गिळणारा साप आणि कडं असलेला शनी कोरलेला होता.

“समुद्रापलीकडेही तीच पुराणकथा होती बघ,” मामा म्हणाले.

“पण शनीचं कडं दुर्बिणीशिवाय दिसत नाही, मामा. इथे कुठेतरी पाणी मुरतंय.”

मी भिंग धरलं. दोन्ही सापांच्या शेपटीवर छिन्नी एकाच जागी घसरली होती आणि खाचा अगदी ताज्या होत्या.

“दोन्ही एकाच माणसाने कोरलेत, तेही हल्लीच.”

“एकाच माणसाने? म्हणजे तो समुद्र ओलांडून गेला होता! मग मी वेगळं काय सांगतोय?”

मी भिंग त्यांच्या हातात दिलं. मामांनी दोन्ही शेपट्या भिंगाखाली पाहिल्या. मग त्यांनी दोन्ही दगड पिशवीत टाकले, रुमालात न गुंडाळताच.